सोनेरी काठाच्या सहा कपबशा

२ डिसेंबर १९५३

नोकरीला महिना झाला आणि आज पहिल्यांदा वाटलं, हे काम आपल्याच्यानं व्हायचं नाही.

काम तसं साधं. घाटकोपरातल्या काही विधवांना आमची भगिनी साहाय्यक समिती दरमहा पंधरा रुपये देते. त्यांच्या घरी जायचं, ‘परिस्थिती’ पाहायची आणि टिपण लिहून द्यायचं. बी. ए. होऊन घरात बसले होते, तेव्हा आईच्या ओळखीनं लागले. बाळदादा मला ‘निरीक्षिकाबाई’ म्हणतो. म्हणू दे.

आज अध्यक्षा वनमालाबाई गुप्ते स्वतः बरोबर आल्या. “परिस्थिती कशी पाहतात ते दाखवते तुला,” म्हणाल्या. भटवाडीत चढून जानकी परबच्या खोलीत शिरल्या, आणि बसा म्हणायच्या आधीच सरळ फळीवरचे डबे उघडू लागल्या! तांदूळ पाहिले, डाळ पाहिली. एका डब्यात साखर सापडली, तर डबा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “बघ. गूळ पुरत नाही हिला.” जानकी पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकून उभी होती. जणू घर त्यांचं आणि ती पाहुणी.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “बाई, विचारून उघडले असते डबे तर?”

“अगं, देणाऱ्याला विचारायचा हक्क असतो.”

विचारलं कुठं पण तुम्ही? उघडलेत! हे तिथं सुचलं नाही. आता सुचतंय, अंथरुणावर बसून. माझ्याच जिभेचा मला इतका राग येतो म्हणून सांगू!

५ डिसेंबर

पहिला पगार. दुपारी मैत्रिणीबरोबर, शुभाबरोबर, दादरला गेले आणि हिरव्या काठाची माहेश्वरी घेतली. आई म्हणाली, “अगं, तशी निळी आहे ना तुझ्याकडे?” म्हटलं, दुकानात दिसली आणि मन बसलं. बाबा हसले. “पहिला पगार तिचा, घेऊ दे की.” संपला विषय.

संध्याकाळी टिपणं द्यायला वनमालाबाईंच्या बंगल्यावर गेले. सुगंधा घाडी मागच्या पायरीवर बसली होती, महिन्याची मदत न्यायला आलेली. ही भटवाडीतलीच, जानकीच्या शेजारची. नवरा गिरणीत होता, दोन वर्षांपूर्वी तापानं गेला. एक मुलगी, रुक्मिणी. सुगंधा दोन घरची धुणीभांडी करते. बाईंनी मला चहा दिला, तिलाही दिला. तिनं मोरीजवळच्या कोनाड्यातला, वेगळा ठेवलेला टवका उडालेला पेला स्वतःच घेतला, चहा झाल्यावर विसळून परत तिथंच पालथा घातला. सगळं किती सवयीनं! बाई तोंडानं फटकळ आहेत, पण दारी आलेल्याला चहाशिवाय पाठवत नाहीत, हे मानलं पाहिजे. उगाच एकांगी लिहायला नको.

१४ डिसेंबर

आजचं आजच लिहून काढते.

आज बाईंबरोबर सुगंधाच्या खोलीवर गेलो. खोली कसली, पत्र्याचं छप्पर आणि सारवलेली जमीन, पण लखलखीत. सुगंधा आम्हाला बघून खुलली. “बसा बसा. चाय घेतल्याशिवाय जावचा नाय,” म्हणाली, आणि ट्रंकेवर पसरलेलं फडकं बाजूला केलं. खाली कपबशा! सहा. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या, बारीक निळी फुलं आणि काठाला सोनेरी रेघ. आमच्या घरीसुद्धा असल्या नाहीत. स्टेशनाजवळच्या काचसामानाच्या दुकानात काचेमागे असतात, त्या.

तिनं चहा ओतला. दोन्ही हातांनी बशी धरून आधी बाईंपुढे केली.

बाईंनी कप घेतला नाही. वाकून त्याच्याकडे पाहिलं, मग सुगंधाकडे. “कुठून आणल्यास?”

“इकत घेतलंय.”

“कशाच्या पैशानं?”

“माझ्या.”

“तुझ्या? समितीकडून मदत घेतेस आणि असली उधळपट्टी करतेस? मुलीच्या अंगावरचं परकर-पोलकं विरलंय आणि तुला सोनेरी काठ हवेत? उधळ्या बायका तुम्ही. म्हणून तुमचं कधी वर येत नाही!”

दारात शेजारणी जमल्या होत्या. जानकी होती. रुक्मिणी होती. चहाचा कप तसाच सुगंधाच्या हातात. बाई निघाल्या, मी त्यांच्यामागे. आणि माझाही चहा तसाच राहिला. तो तरी प्यायला हवा होता मी.

टेकडी उतरेपर्यंत बाई बोलत होत्या. मी मनात म्हणत होते, सुगंधाबाई, कशाला गं मांडायच्या होत्यास आजच? झाकून ठेवता आल्या नाहीत?

१५ डिसेंबर

समितीची बैठक. सुगंधाची मदत बंद करायचा ठराव बाईंनीच मांडला. खजिनदार अनंतराव मान डोलवत होते. स्वतःच्या खिशातून चांदीची तपकिरीची डबी काढून चिमूट ओढायची आणि म्हणायचं, “या लोकांना पैशाची किंमत कळत नाही.” मला असं काही पेटल्यासारखं झालं!

उठले आणि म्हणाले, “बाई, एक सांगायचं राहिलं. तिनं त्या कपबशा धंद्यासाठी घेतल्यात. तिला चहाचं दुकान घालायचंय.”

कुठून आलं हे तोंडात, देव जाणे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी आणखीच बोलत सुटले. भटवाडीच्या नाक्यावर कारखान्याचे लोक येतात-जातात, चांगल्या कपात चहा मिळाला तर दोन पैसे जास्त देतील, असं तिचं म्हणणं आहे. काल बाईंपुढे भीतीनं बोलली नाही.

वनमालाबाईंचा चेहराच बदलला. “अगं, मग हे स्वावलंबन झालं! आधी नाही का सांगायचं?”

ठराव मागे. मदत चालू. एका वाक्यात वाचवली मी तिला. घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते.

२० डिसेंबर

वाट लागली.

बाईंनी मला बोलावून घेतलं. सव्वीस जानेवारीला समितीचा समारंभ करायचा, औषधांच्या कारखान्याचे मालक पाहुणे म्हणून येणार, ते मोठी देणगी देतील अशी चिन्हं आहेत. आणि त्या दिवशी सुगंधानं पाहुण्यांना त्याच कपातून चहा द्यायचा! “स्वावलंबी भगिनी म्हणून तिला पुढे आणायची,” बाई म्हणाल्या. दुकानासाठी हातगाडी द्यायचंही ठरलंय. बाई खरंच आनंदात होत्या. मला म्हणाल्या, “क्षमा, तुझी नजर चांगली आहे. मला जे दिसलं नाही ते तुला दिसलं.”

मी मान खाली घालून हसले. दुसरं काय करणार?

अजून सुगंधाला काहीच सांगितलेलं नाही.

४ जानेवारी १९५४

आज सांगितलं. धीर गोळा करायला इतके दिवस लागले.

दारात उभं राहून “येऊ का?” म्हटलं. त्या दिवसानंतर ती भेटेल की नाही वाटलं होतं, पण तिनं पाट दिला, चहा ठेवला, त्याच कपात. मग मी घडाघडा सगळं सांगितलं. ती चुलीकडे पाहत ऐकत होती.

“कसला दुकान?” एवढंच म्हणाली.

“घालायचं नाही गं खरंच! एक दिवस फक्त हो म्हणायचं. नंतर म्हणू, जमलं नाही. मदत गेली तर रुक्मिणीच्या शाळेचं काय?”

“बाय, तुमी माका इचारलास तरी?”

“विचारायला वेळ कुठं होता? तिथल्या तिथं काहीतरी सांगायला हवं होतं. मग तूच सांग, कशाला घेतल्यास त्या कपबशा? खरं कारण चांगलं असेल तर तेच सांगू आपण.”

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, “काचेमागे दिसत. येता-जाता बघी होतंय. मन बसला.”

म्हणजे कारण काहीच नाही! मला वाटलं होतं, नवऱ्याची काही आठवण असेल, मुलीच्या लग्नासाठी जमवत असेल. आता हे मी कुठल्या तोंडानं सांगू कुणाला? मी म्हटलं, “हे मात्र कुणाला बोलू नकोस बाई.”

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. कप विसळून, पुसून, एकेक उजेडात धरून पाहत फडक्याखाली ठेवत राहिली.

मला उगाच राग आला. जिच्यासाठी एवढं करायचं तिनं जरा तरी गोड बोलावं की नाही?

२६ जानेवारी

शाळेच्या पटांगणात मांडव. पताका. बाईंनी रेशमी पातळ नेसलं होतं. मी माझी हिरव्या काठाची. सुगंधा आली, धुतलेलं लुगडं, कपबशा टोपलीत फडक्यात गुंडाळून डोक्यावर. ती आली हे पाहूनच माझा जीव भांड्यात पडला. रुक्मिणी बरोबर होती.

तिनं पाहुण्यांना चहा दिला. पाहुणे म्हणाले, “वा, झकास.” बाई उभ्या राहून भाषण करू लागल्या. गरिबी ही बऱ्याच अंशी सवयीची गोष्ट आहे, एकेक आणा कारणी लावला तर माणूस वर येतो, ही सुगंधा पाहा, हिनं पैसा चैनीत न घालवता धंद्यात घातला, हिला कळलं, इतर भगिनींनी हिचा धडा घ्यावा. समोर सतरंजीवर मदत घेणाऱ्या सगळ्या बायका बसवल्या होत्या. जानकीही त्यात. त्यांना चहा नव्हता. कपच सहा.

“सांग सुगंधा, दोन शब्द सांग,” बाई म्हणाल्या.

सुगंधानं जानकीकडे पाहिलं. मग सरळ उभी राहिली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

“ह्या सगळा खोटा. दुकान-बिकान मी काय घालूचंय नाय. माका कप आवाडले म्हणान मी घेतले. माझ्या घरात पिवक घेतले. कष्टाचे पैशे होते. चोरूक नाय.”

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. बायकांतली कुणीतरी हसली, का रडली, कळलं नाही. बाईंचं तोंड पांढरं पडलं. सुगंधा टेबलापाशी आली, पाहुण्यांपुढचे कप गोळा केले, उरलेला चहा मांडवाबाहेर ओतला आणि टोपली डोक्यावर घेऊन मुलीचा हात धरून चालू लागली. ती दिसेनाशी होताच सगळेच एकदम बोलू लागले.

जेवले नाही. एक दिवस! एक दिवस गप्प बसायचं होतं फक्त.

२७ जानेवारी

सकाळीच भटवाडीत गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला लिहू?

सुगंधा नळावर होती. तिथंच, सगळ्यांदेखत मी सुरू केलं. “काय मिळवलंस? मदत गेली. हातगाडी गेली. मुलीचा तरी विचार करायचास! मी तुझ्यासाठी बाईंशी खोटं बोलले, माझी नोकरी धोक्यात घातली—”

तिनं कळशी खाली ठेवली. आजवर ती मला ‘तुमी’ म्हणत होती.

“तुका कोणी सांगितलेला खोटा बोलूक? बाईन माका उधळी म्हटल्यान. ता मी सोसलंय. उधळी तर उधळी. पण तू माका खोटी केलंस! चार लोकांत उभी करून, त्या जानकीच्या तोंडावर, ‘हिचा धडा घेवा’ म्हणान! ती काय साखर खाता म्हणान पापी, आणि मी दुकान घालतंय म्हणान शाणी?”

“मी तुला वाचवत होते!”

“माका नाय. तुका लाज वाटली. गरीब बाईन आवाडला म्हणान काय घेवचा, ह्याची बाईक लाज वाटली, तशीच तुका वाटली. तिना तोंडार सांगल्यान. तुया झाकलंस.”

नळावरच्या बायका पाणी भरायच्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, “तू मला बाईंच्या पंक्तीला बसवतेस?” ती कळशी कमरेला लावून निघून गेली.

हे अगदी अन्यायाचं आहे. मी आणि वनमालाबाई एक? मी कधी कुणाचा डबा उघडला नाही. मी साखरेवरून कुणाला बोलले नाही. बाळदादाला सांगितलं तर म्हणतो, “बरोबर बोलली ती.” त्याच्याशीही बोलत नाहीये आता.

३० जानेवारी

बाईंनी कागद तयार ठेवला होता. सुगंधा घाडीनं चहाच्या दुकानाची खोटी बतावणी करून समितीची फसवणूक केली, यापुढे तिला कुठलीही मदत मिळू नये. खाली माझी सही हवी, कारण टिपण माझं.

“तू लहान आहेस, मऊ मनाची आहेस,” बाई म्हणाल्या. “अशा बायका बरोबर ओळखतात कुणाला फसवायचं ते. तुझा दोष नाही.”

मी म्हटलं, “तिनं फसवलं नाही. दुकानाची गोष्ट मी रचली. तिला माहीतही नव्हतं.”

बाईंनी अनंतरावांकडे पाहिलं. दोघंही हसले, लहान मुलाच्या बोलण्यावर हसतात तसे.

“बघा, अजून तिलाच पाठीशी घालते आहे,” अनंतराव म्हणाले.

“खरं सांगते मी! तुमच्या पायांची शपथ, मी रचली!”

“पुरे, क्षमा. चांगल्या घरातली मुलगी तू. तू कशाला खोटं बोलशील?”

झालं! मी खोटं बोलले तेव्हा त्यांनी हातगाडी द्यायला काढली, आणि खरं बोलते तर माझ्या पाठीवर हात फिरवतात. आणि सुगंधा खरं बोलली ती मात्र खोटारडी. का, तर मी चांगल्या घरातली. घर कुणाचं चांगलं हे तिच्या फळीवरचे डबे बघून ठरतं, माझ्या घरचे डबे बघायला कोण येतं?

सही केली नाही. बाई म्हणाल्या, “नको करूस. माझी पुरे.” आणि त्यांनी केली.

२ फेब्रुवारी

राजीनामा दिला! टेबलावर ठेवला आणि वळले. बाई “अगं, अगं” करत राहिल्या. घरी बाबा जरा गंभीर झाले, पण म्हणाले, “तत्त्वाची गोष्ट असेल तर ठीक.” आईनं दुसरीकडे कुठं जागा आहे का ते विचारायचं कबूल केलं. बाळदादानं पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

उद्या सुगंधाला सांगायचं. आता तरी तिला कळेल मी कुणाच्या बाजूची.

४ फेब्रुवारी

काल जमलं नाही, आज गेले. खोलीला कुलूप. जानकी म्हणाली, तिनं तिसरं घर धरलंय, दिवेलागणीला येईल. रुक्मिणी जानकीच्या ओट्यावर कुणाचं तरी तान्हं मूल मांडीवर घेऊन बसली होती. शाळेतून आल्यावर ते सांभाळते, महिन्याला काहीतरी मिळतं. मी तिच्याशी बोलायला गेले तर मूल जागं होईल म्हणून तिनं खुणेनंच मला गप्प केलं. नऊ वर्षांची पोर.

सुगंधा आली. हात पाण्यानं पांढरे फटक पडलेले. मी दारातूनच म्हटलं, “मी नोकरी सोडली.”

“कित्याक?”

“तुझ्यासाठी! त्यांनी तुझ्यावर आळ घातला म्हणून.”

कुलूप उघडता उघडता ती थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, हात तरी धरील.

“सोडलंस,” ती म्हणाली. “तुका परवाडता.”

तिनं कुलूप काढून कडीला अडकवलं.

“आता दुसरी कोण येतली?”

“मला काय माहीत? येईल कुणीतरी.”

“ती सरळ आत शिरतली. जानकीचे डबे उघडतली. तू निदान दारात उभी रवान येव काय म्हणान इचारीत होतंस.” मग आत जाता जाता, पाठमोरीच, “माझा ऱ्हवांदे. माझी मदत गेली ती गेली. बाकीच्यो बायको असत मगे. त्येंका सांगान तरी गेलंस?”

नाही सांगितलं. मला सुचलंच नाही. राजीनामा लिहिताना मला फक्त बाईंचा चेहरा दिसत होता, तो वाचताना कसा होईल तो.

ती चूल पेटवायला बसली. मी दारात उभीच. इतक्या वेळा इथं आले, पण आजच्यासारखं झालं नाही. तिनं बस म्हटलं नाही. चहाही विचारला नाही. कपबशा ट्रंकेवर होत्या, उघड्याच, आता फडकंही नव्हतं वर. थोडा वेळ वाट पाहिली आणि उतरले.

वाटेत इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नोकरी सोडून आले मी हिच्यासाठी, आणि ही मला साधा चहा विचारत नाही!

रात्री

आईनं सांगितलं, बाईंचा निरोप आला होता, दुसरी मुलगी बघायला घेतलीय, सोमवारपासून येईल. तू परत येणार असशील तर त्याआधी कळव.

मी परत जाणार आहे. ठरवलं. वनमालाबाईंपुढे उभं राहून नोकरी परत मागायची म्हणजे लाज वाटते, पण जाणार. त्या विचारतील, का परत आलीस? आई म्हणते, सांग वडिलांच्या तब्येतीमुळे गरज आहे म्हणून. बाळदादा म्हणतो, समाजसेवेची तळमळ म्हण, बाईंना आवडेल. दोन्ही कारणं चांगली आहेत, दोन्ही त्यांना पटतील.

दोन्ही सांगणार नाही. मला ती नोकरी हवी आहे, एवढंच सांगेन. पटलं नाही तर राहिलं.